बरं केलं

इंदुबाईंची सून मोबाईल घेऊन शेडमध्ये आली की सगुणा हातातली पिशवी खाली ठेवते आणि मागच्या पडवीत जाऊन उभी राहते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही. पेणला रामवाडीत, हमरस्त्याच्या मागच्या अंगाला, इंदुबाईंचा पोह्याच्या पापडांचा घरगुती धंदा आहे. आता त्याचं इन्स्टाग्रामवर पेज आहे आणि पेजवर लाटणाऱ्या हातांचे व्हिडिओ टाकावे लागतात. सगुणाचे हात मनगटापर्यंत पांढरे आहेत. ओठांभोवती, दोन्ही पापण्यांवर आणि उजव्या कानामागेही पांढरं आहे. बाकीचा रंग शेतावर वाढलेल्या कुठल्याही बाईचा असतो तसा, सावळा. तिला कोड आहे.

कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे इंदुबाईंना ठाऊक आहे. तरी त्यांनी सगुणाला पीठ मळायला कधी बसवलं नाही. ती वाळलेले पापड पिशव्यांत भरते, हातमोजे घालून. हातमोजे सगळ्याच बायकांना दिलेले आहेत. घालते ती एकटीच.

"मला काय नाय गो," इंदुबाई एकदा म्हणाल्या होत्या. "पण गिऱ्हाईक बघतं. त्याला कुठं समजवत बसू?"

"व्हय, बरोबर हाय," सगुणा म्हणाली होती. तेव्हा तिला ते बरोबरच वाटलं होतं.

ती राहते निडीला. रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. सकाळच्या मेमू गाडीने पेणला यायचं आणि संध्याकाळच्या मेमूने परत. नवरा प्रविण धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. मुलगा पनवेलला नोकरीला लागला आहे. पहिला ठिपका आला तो लग्नानंतर, ओठाच्या कोपऱ्यात. सासूला वाटलं, पानाचा चुना लागलाय. "पुस गो ते," ती म्हणाली. सगुणाने पदराने पुसलं. मग पाण्याने. मग राखेने.

त्यानंतर जे सगळे करतात ते सगळं झालं. रोह्याचे डॉक्टर झाले, अलिबागचे झाले. कुणी सांगितलं म्हणून बावचीचं तेल लावून उन्हात बसली, तर कातडीला फोड आले. कुणी सांगितलं, मासळी बंद. कोकणात मासळी बंद केल्यावर ताटात काय उरतं, ते तिने वर्षभर बघितलं. ठिपके आपल्या चालीने वाढत राहिले. गावात लग्नाला गेली की नवरीला हळद लावायला तिला कुणी पुढे बोलवत नसे. नको असंही कुणी म्हणत नसे. वाटी तिच्यापर्यंत यायच्या आधी संपायची.

मग घरात स्मार्टफोन आला. त्यातला कॅमेरा तोंडाकडे वळवला आणि एका खुणेवर बोट ठेवलं की चेहरा एकसारखा व्हायचा. ओठांभोवतीचं पांढरं सावळ्यात मिसळून जायचं, पापण्या भरून यायच्या. निडी स्टेशनच्या बाकावर मेमूची वाट बघताना सगुणा तो चेहरा बघत बसायची. तोच तिने व्हॉट्सअॅपवर लावला. माहेरच्या चुलतबहिणीने लिहिलं, "काय गो, गोरी झालीस!" खाली हसणारी तोंडं होती. सगुणाने त्यावर अंगठा टाकला.

आरशात बघणं सुटलं ते त्याच्या किती तरी आधी. घरातला आरसा प्रविणच्या दाढीपुरता उरला होता. कुंकू ती अंदाजाने लावायची.

काशीबाई तिला मेमूत भेटल्या. वडखळच्या बाजूच्या, खाडीकाठच्या. जन्मभर मिठागरावर राबलेल्या, पायांना त्या मिठाने कायमच्या भेगा पडलेल्या. म्हातारपणी रोह्याला लेकीकडे राहत होत्या आणि माहेरी येऊनजाऊन असायच्या. सगुणाच्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी असे. काशीबाई येऊन धपकन बसल्या. समोरच्या बाईने डोळ्यांनी खूण केली, तर मोठ्याने म्हणाल्या, "काय गो? जागा हाय नी? मंग बसले."

त्यांच्याबरोबर सगुणा रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीत जायला लागली. मंडळी म्हणजे एका दुकानावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक की-बोर्ड आणि रविवारी जमणारी चाळीसेक माणसं. पाळक दिनानाथ हे पूर्वी कंपनीत ऑपरेटर होते. नोकरी सोडून या कामात पडले त्याला बरीच वर्षं झाली. प्रविण तिला मोटरसायकलवरून सोडायचा, आत कधी यायचा नाही. "तुझा देव आणि माझी कंपनी," तो म्हणायचा, "दोघं पण रविवारची सुट्टी देत नाय." पुढे सगुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "मासळी चालते ना?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे ताटात घेऊन एक जण पुरुषांच्या बाजूला फिरतो, एक बाई बायकांच्या बाजूला. बायकांच्या बाजूला काशीबाई फिरायच्या. एका रविवारी त्या अर्ध्या रांगेत थांबल्या आणि ताट सगुणाच्या हातात दिलं.

"माजं गुडगं दुकतान. तू फिरव."

"मी?" सगुणाने हात मागे घेतले. "माझं हात बघा ना."

"ताट धराला दोन लागतान. दोन हायेत नी?"

सगुणा ताट घेऊन निघाली. पहिली बाई तिच्या हाताकडे न बघता तुकडा घेऊन खाली मान घालून बसली. दुसरीने घेतला. रांग संपली तेव्हा ताट रिकामं होतं. एवढंच झालं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने प्रविणच्या दाढीचा आरसा खिडकीत नेला आणि उजेडात स्वतःचं तोंड बघितलं. ते तिला आठवत होतं त्याहून बरंच वेगळं होतं. वयही झालं होतं. व्हॉट्सअॅपवरचा फोटो काढून तिने खरा लावला. चुलतबहिणीने विचारलं, "काय झालं गो?" 

त्यानंतर ताट तिच्याकडेच राहिलं. काशीबाई पुढे वारल्या.

उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाला परमनंट केलेलं असतं, कुणाची सोनोग्राफी चांगली आलेली असते. सगुणा कधी उभी राहिली नव्हती. गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी राहिली. ती जे बोलली ते असं:

"जय ख्रिस्त. मला कोड हाय, ते दिसतंच. लय वर्षं मी आरशात बघितलं नव्हतं. फोनमधलं तोंड बघायचे, गुळगुळीत. मग काशीबाईनं माझ्या हातात ताट दिलं आणि तुम्ही माझ्या हातचं खाल्लं. त्या दिवशी प्रभूनं मला बरं केलं. आता मी आरशात बघते. कोड हाय तिथंच हाय. पण बघते. आमेन."

मंडळीचे व्हिडिओ रितेश काढतो. पंचविशीतला, मोबाईलच्या दुकानात कामाला, की-बोर्डही तोच वाजवतो. साक्षी आणि गाणी तो मंडळीच्या पेजवर टाकायचा. ती पन्नास-साठ लोक बघायचे, बहुतेक घरचेच. सगुणा थांबत थांबत बोलली होती, साक्ष लांबली होती. तीस सेकंदांत बसवायला त्याने सुरुवातीचं, मधलं आणि आमेनच्या आधीचं काढलं. उरलं ते असं: "लय वर्षं मी आरशात बघितलं नव्हतं. प्रभूनं मला बरं केलं. आता मी आरशात बघते. आमेन." वर त्याने अक्षरं टाकली, 'कोड होतं. प्रभूने बरं केलं.' त्याच्या फोनचा चेहरा उजळवणारा कॅमेरा कायम चालू असतो, गायक मुलींना तसाच आवडतो. व्हिडिओतली सगुणा डाग नसलेली, एकसारख्या सावळ्या रंगाची बाई होती.

तो व्हिडिओ पन्नास-साठ लोकांवर थांबला नाही.

दोनेक आठवड्यांनी सगुणाला तो दाखवला इंदुबाईंनी. पापड भरता भरता त्यांनी फोन तिच्या नाकासमोर धरला. "हे तूच काय गो?"

लाटणाऱ्या बायका वाकून बघायला लागल्या. "तीच हाय!" एक जण म्हणाली. "सगुणे, आमाला सांगितलं पण नायस. इथं हातमोजे घालून बसतेस आणि तिथं बरी झालीस?"

"अगो, आमच्यापर्यंत यायच्या आधी परत काळं-पांढरं होत असंल," दुसरी म्हणाली. "वडखळच्या पुलावर." सगळ्या हसल्या.

सगुणाही हसली. मग फोन हातात घेऊन व्हिडिओ परत लावला. परत एकदा लावला. आपल्याच आवाजात बोलणारा तो चेहरा ती बघत राहिली. इंदुबाईंना फोन मागून घ्यावा लागला. त्या दिवशी घरी जाऊन तिने रितेशला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. का केला नाही, हे तिला कुणी विचारलं तर ती सरळ सांगते: तो चेहरा तिला आवडला होता.

रविवारी हॉलमध्ये नवी माणसं होती. माणगावची, कोलाडची, एक कुटुंब थेट महाडचं. खुर्च्या कमी पडल्या. सगुणा जिना चढली तशी कुजबुज झाली आणि मग थांबली. तिने रितेशला कोपऱ्यात गाठलं.

"ते काढ."

"ताई, फिल्टर मी मुद्दाम लावला नाय. फोनमध्ये ऑनच असतो. मला वाटलं, लाईटमुळे तशा दिसताय."

"आणि मी बोलले ते?"

"ते तीस सेकंदांत बसत नव्हतं." तो पडलेल्या आवाजात म्हणाला. मुलगा लबाड नव्हता. "आता काढला तर लोक म्हणतील, खोटं होतं म्हणून काढला. पास्टरना विचारूया."

पास्टर दिनानाथ खुर्च्या मांडत होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. "सगुणाताई, हे आपण ठरवून केलं नाही," ते म्हणाले. "पण माणसं आलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिन्यावर चपलांना जागा नाही. थोडे दिवस थांबा. आणि विश्वासाने बोललं तर तुमचं बरं होणं सुरूच आहे. डोळ्यांना अजून दिसत नसेल."

"मला तर रोज दिसतंय, पास्टर."

त्यांनी हातातली खुर्ची मांडली आणि पुढची उचलली. सत्तरीकडे आलेला माणूस. सकाळपासून स्कूटरवर तीन घरं करून आला होता.

पुढच्या रविवारच्या आधी मंडळीतल्या एका बाईने सगुणाच्या हातात एक ट्यूब ठेवली. फाउंडेशन. "पार्लरवालीकडून आणलीय, तुमच्या रंगाची. नवीन लोकांसाठी. त्यांचा विश्वास डगमगायला नको." सांगणाऱ्या बाईच्या डोळ्यांत खरोखरची काळजी होती. सगुणाने रविवारी ते लावलं. ओठांभोवती, पापण्यांवर, हातांच्या पाठीवर. प्रविणने मोटरसायकल सुरू करायच्या आधी एकदा बघितलं आणि हेल्मेट घातलं.

हॉलमध्ये गरम होतं. दोन गाणी झाली तोवर कपाळाचा घाम खाली आला. उपासना संपल्यावर माणगावची एक बाई जवळ आली, "प्रभूची स्तुती असो" म्हणाली आणि मायेने तिच्या गालावर हात ठेवला. हात काढला तेव्हा बोटांना तपकिरी रंग लागला होता. बाईने बोटं बघितली. मग साडीच्या निऱ्यांना पुसली आणि जिना उतरून गेली.

सगुणा म्हणते, त्या दिवशी ती जेवढी दमली तेवढी पापडांच्या हंगामातही कधी दमली नव्हती.

खांब गावची माणसं आली ती त्याच आठवड्यात. इंदुबाईंकडे सुट्टी होती, प्रविण रात्रपाळी करून आत झोपला होता. सगुणा मागे भांडी घासत होती. दारात एक बाई उभी होती, बरोबर अकरा-बारा वर्षांची मुलगी. मुलीने भर उन्हात तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला.

"कोड गेलेल्या ताई इथंच राहतात ना?"

"मीच," सगुणा म्हणाली. तिच्या ओल्या हातांवरून राखेचं पाणी गळत होतं.

"नाय, त्या व्हिडिओतल्या."

"मीच ती."

बाई बघत राहिली. मुलीने नीट दिसावं म्हणून स्कार्फ खाली ओढला. तिच्या हनुवटीवर आणि नाकाच्या एका बाजूला पांढरे डाग होते.

"आई, हिचं तर हायच की."

"गप गो दिशा."

सगुणाने त्यांना आत बसवलं, तांब्या-पेला पुढे ठेवला. बाईचं नाव मैना. खांबला शेती, नवरा हमरस्त्यावरच्या गॅरेजात. पाहुणी असूनही ती बसल्यापासून हात जोडल्यासारखे धरून बसली होती. ते तिने आता सोडले.

"सरकारी दवाखान्यातलं मलम चालू होतं हिला," ती म्हणाली. "डागात बारीक बारीक काळे ठिपके यायला लागलेले. डॉक्टर म्हणले, येतंय, सोडू नका."

"मग?"

"तुमच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलेलं. विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा, मलम लावलं तर तो कच्चा. महिना झाला, बंद केलं." तिने मुलीची हनुवटी धरून वर केली. "ठिपके आलेले ते गेले परत. बघा."

सगुणाने बघितलं. मग तिने सगळं सांगितलं. ताट, साक्ष, कापलेला व्हिडिओ, फोनचा कॅमेरा, फाउंडेशन. "मलम आजपासून परत लाव," ती म्हणाली. "प्रार्थना करायची तर कर, पण मलम लावून. माझं गेलेलं नाय. जाईल असंही नाय."

"मग व्हिडिओ टाकलात कशाला?" मैनाचा आवाज चढला. "तुमच्यासारख्या बाईनं? तुम्ही तर ह्यातून गेलाय ना? माझ्या पोरीचा महिना गेला!"

 व्हिडिओ मी टाकला नाही, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण तो काढायचा हट्टही तिने धरला नव्हता.

दिशा मधेच म्हणाली, "मावशी, मग तुमचं बरं काय झालं?"

"म्हणजे?"

"तुम्ही बोललाय ना, प्रभूनं बरं केलं. काय केलं?"

सगुणाने परत ताटाचं सांगितलं, आता सावकाश. मुलीने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे फक्त लोक तुमच्या हातचं खातात?"

"व्हय. आणि मी मला बघते."

"माझ्या डब्यातलं कोण खात नाय," दिशा म्हणाली. "आधी घ्यायच्या. घावन असलं की भांडायच्या."

"मला आणून दे. मी खाईन."

"तुम्ही खाणारच. तुम्हाला पण हाय."

"दिशा!" मैना ओरडली. सगुणाला हसू आलं. पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

जाताना दिशाने पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. मैनाने पेला उचलला नव्हता. तो तसाच भरलेला राहिला.

त्या गेल्यावर प्रविण आतून बाहेर आला. तो जागाच होता. "आता काय करणार?"

"उभी राहून सांगणार."

"मंडळी चिडंल."

"चिडू दे."

"मला वाटलं, तुला तो व्हिडिओ आवडलाय."

"आवडलाच होता," सगुणा म्हणाली आणि राहिलेली भांडी घासायला गेली.

शनिवारी तिने पास्टरना फोन करून सांगितलं, मी उद्या साक्ष देणार आणि काय देणार. ते म्हणाले, "साक्षीच्या वेळेला मी कुणाला अडवत नाही." होही म्हणाले नाहीत, नकोही म्हणाले नाहीत.

रविवारी ती तोंड धुऊन, तसंच घेऊन गेली. वेळ आली तेव्हा उभी राहिली, पण लगेच बोलली नाही. आधी रितेशला म्हणाली, "ते तोंड गुळगुळीत करायचं बंद कर. आणि कापू नकोस." रितेशने फोनवर काही तरी केलं आणि मान हलवली.

"मागच्या रविवारी माझ्या तोंडाला रंग होता," सगुणा म्हणाली. "आज नाय. माझं कोड गेलेलं नाय. व्हिडिओत दिसते ती मी नाय. तो बघून एका पोरीनं औषध बंद केलं, तिला त्रास झाला. तो माझ्यामुळे झाला, मी गप बसले म्हणून. तुमच्यात कुणी औषध सोडलं असंल तर परत घ्या."

पुढच्या रांगेत महाडच्या कुटुंबातले हैबतराव म्हणून गृहस्थ होते, त्यांच्या हातावर डाग होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, अविश्वासाने बोलू नका. आम्ही लांबून आलोय."

"काका, जवळ येऊन बघा," सगुणा म्हणाली. "माझा विश्वास हाय. देवानं मला केलं तेव्हा बघून केलं, तो तोंडाच्या रंगानं फसत नाय. मला एवढं पुरतं. पण कोड हाय. दोन्ही हाय. मला दोन्ही सांगू दे."

ते आले नाहीत. कुणी आमेन म्हटलं नाही. ती खाली बसली.

तो महिन्याचा पहिला रविवार होता. प्रभुभोजनाच्या वेळी बायकांच्या बाजूचं ताट नेहमीप्रमाणे तिनेच घेतलं. मंडळीतल्या जुन्या बायकांनी तुकडे घेतले. फाउंडेशन आणून देणारीनेही घेतला, पण वर बघितलं नाही. नव्यांपैकी दोघीतिघींनी हात पुढे केला नाही. सगुणा त्यांच्यापुढे क्षणभर थांबली आणि पुढे गेली. ताटात तुकडे उरले.

सगळे गेल्यावर पास्टर दिनानाथ खुर्च्या एकात एक घालत होते. सगुणाने हात लावला. शेवटचा गठ्ठा भिंतीला लावून त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"बरं केलंत," ते म्हणाले.

आवाज सपाट होता. त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं की नाही, हे सगुणाला अजून कळलेलं नाही. पुढच्या रविवारी खुर्च्या पुरल्या.

रितेशने पहिला व्हिडिओ काढून टाकला आणि दुसरा टाकला, न कापता. तो फारच थोड्या लोकांनी बघितला. खाली दोन प्रकारचे लोक भांडत होते. एकांचं म्हणणं, बाईचा विश्वास कमी पडला. दुसऱ्यांचं, यांचं पितळ उघडं पडलं. ती काय बोलली, यावर कुणी लिहिलेलं नव्हतं. रितेशने फोनमधला कॅमेरा कायमचा साधा करून टाकला आहे. गायक मुली कुरकुरतात, "रितेशदादा, आम्ही एवढ्या काळ्या हाय काय?" "व्हय, हाय," तो म्हणतो.

पहिला व्हिडिओ मात्र गेला नाही. तो काढायच्या आधीच इतरांनी उतरवून घेतला होता. वेगवेगळ्या पेजवर, वेगवेगळ्या गाण्यांच्या चालीवर तो फिरतो. कुठे खाली मंडळीचं नावही नाही, नुसतं रोहा लिहिलेलं आहे. गुळगुळीत चेहऱ्याची सगुणा रोज कुठे तरी आमेन म्हणते.

मैनाचा दोन महिन्यांनी फोन आला. मलम सुरू आहे, काळे ठिपके परत धरायला लागलेत. दवाखान्यातून आल्यावर केला होता म्हणे. "दिशाला विचारलं, मावशीला काय सांगू," मैना म्हणाली. "म्हणते, काय नको." मागून पोरीचा आवाज आला, घावनाबद्दल काही तरी. मैनाने ते सांगितलं नाही, सगुणानेही विचारलं नाही. मुलगी शाळेत अजून स्कार्फ बांधून जाते.

रामवाडीत फारसं बदललेलं नाही. एकदा इंदुबाईंची सून व्हिडिओ काढायला आली तेव्हा सगुणा उठली, पडवीच्या दारापर्यंत गेली आणि परत येऊन जागेवर बसली. सुनेने बघितलं आणि फोन थोडा डावीकडे वळवला. व्हिडिओत पापड आले, सगुणा आली नाही. पण ती तिथे बसून होती. त्यानंतर कधी बसते, कधी उठून जाते. रोज तेवढं बळ नसतं, असं ती म्हणते.

आणि निडीला माणसं अजून येतात. महिन्यातून एखादं कुटुंब, कधी दोन. स्टेशनवर उतरून विचारतात, कोड गेलेली बाई कुठं राहते. चहाच्या टपरीवाल्याला सवय झाली आहे, तो बोट दाखवतो. परवा संध्याकाळी ती पेणहून येऊन अजून चप्पलच काढत होती, तेव्हा दारात एक म्हातारा आणि त्याची सून उभी होती.

सगुणाने त्यांना उजेडात बसवलं. स्वतः समोर बसली, चेहरा दिसेल अशी.

"मीच ती," ती म्हणाली. "गेलेलं नाय. औषध चालू असंल तर सोडू नका."

म्हातारा सुनेकडे बघायला लागला. सून सगुणाकडे. सगुणा उठली, माठातून दोन पेले भरून आणले आणि दोन्ही हातांनी पुढे धरले.

"पाणी घ्या," ती म्हणाली. "घेताय ना?"